दिलेला शब्द

माझी एक मावशी दिवाळीच्या मागेपुढे पुण्याहून म्युनिकला पार्सल पाठवते. त्यात फराळ थोडा आणि पिठे, पुडी जास्त असतात: थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणीची कोरडी चटणी, आणि मी इथल्या थंडीत खोकत असणार अशी तिची ठाम समजूत असल्यामुळे सितोपलादी चूर्ण. प्रत्येक पुडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचे तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवलेले, वर पुन्हा रबरबँड. परदेशी पार्सलवर आत काय आहे ते लिहावे लागते आणि खासगी भेट म्हणून पाठवलेल्या, ४५ युरोंपर्यंत किमतीच्या वस्तूंवर जर्मनीत जकात लागत नाही, हे तिला कोणीतरी सांगितल्यापासून ती खोक्याच्या सहाही बाजूंना लाल मार्करने, रोमन लिपीत, वीतभर उंचीची अक्षरे काढते: गिफ्ट. जकातवाल्याने खोके कसेही उलटेपालटे केले तरी ते त्याच्या नजरेला पडलेच पाहिजे, असा त्यामागचा हिशेब.

गेल्या खेपेला पार्सल आले तेव्हा मी घरी नव्हते. अशा वेळी पोस्टमन ते शेजारी देतो आणि तसे लिहिलेली चिठ्ठी आपल्या पेटीत टाकतो, ही इथली सरसकट रीत आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी एका निर्यात कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला आणि माझ्याशी त्या हौसेने इंग्रजीत बोलतात. इतरांची पार्सले त्यांच्याकडे दाराशी, चपलांच्या फळीजवळ ठेवलेली असतात. माझे तिथे नव्हते. त्यांनी आतल्या खोलीतून स्टूल आणले, मला चढायला लावले, आणि कपाटाच्या माथ्यावरून ते पाच किलोंचे खोके मी खाली घेतले. मला देण्याआधी त्यांनी हसत, किंचित ओशाळून सांगितले की चार वर्षांचा नातू राहायला आला आहे. शब्द इंग्रजी आहे, हे त्यांना अक्षर पाहताक्षणी कळले होते. तरीही पोस्टमनची पाठ फिरताच त्यांनी स्टूल ओढून खोके वर चढवले होते. "मला माहीत होतं हो," त्या म्हणाल्या, "पण मुलगा घरात असताना तो शब्द खाली कसा ठेवायचा?"

जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष.

ही गंमत जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात सांगितली जाते आणि तो ती पुढच्या प्रत्येकाला सांगतो. मीही सांगत आले आहे. कपाटावर चढलेल्या त्या खोक्याने मात्र ती गंमत राहू दिली नाही. सत्तर वर्षे जी भाषा अंगात मुरली आहे तिच्यातला एक चार अक्षरी शब्द म्हाताऱ्या बाईकडून पाच किलोंचे ओझे डोक्याच्या वर उचलवून घेतो, आणि पुण्यात तोच शब्द मावशीला इतका मंगल वाटतो की सहा बाजूंना लिहूनही तिचे समाधान होत नाही, हे मनातून जाईना. त्यानंतर काही दिवस मला हा शब्द जिथे तिथे दिसू लागला. दिसत तो आधीही होताच. उरलेले रंग, थिनर, कीटकनाशके, जुने थर्मामीटर असे घरातले घातक सामान गोळा करायला शहरातल्या वस्त्यांत ठरलेल्या दिवशी एक गाडी येते. म्युनिकमध्ये तिचे नाव गिफ्टमोबिल. लोक पिशव्या घेऊन शिस्तीत रांग लावतात. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या शहरात या नावाची गाडी आली असती तर पोरे मागे धावली असती. मुलाने काही भलतेच तोंडात घातले तर ज्या क्रमांकावर फोन करायचा तो गिफ्टनोटरुफ. तो कित्येक घरांत फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो. शरद ऋतूत जंगलात अळंबी वेचायला जाणारी माणसे परडीतले एकेक अळंबे उलटून देठाशी पाहतात आणि शंका आली की एकच शब्द उच्चारतात: गिफ्टिग. डोळ्यांना टोचणाऱ्या भडक हिरव्या रंगाला 'गिफ्टग्र्यून' म्हणतात, आणि ते नुसते बोलणे नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्याच बव्हेरियातल्या श्वाइनफुर्ट गावात तयार होणारा हिरवा रंग तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा असे, आणि तो भिंतींच्या कागदांपासून कपड्यांपर्यंत सगळीकडे मिरवत असे. औषधाच्या दुकानातल्या कुलूपबंद कपाटाला गिफ्टश्रांक म्हणतात. पण वाचनालयात ज्या कपाटातली पुस्तके वाटेल त्याच्या हाती द्यायची नसतात त्याचेही नाव तेच. आणि आपण 'लिहून ठेव' म्हणतो तसे जर्मन माणसाला एखाद्या गोष्टीची शंभर टक्के खात्री द्यायची असते तेव्हा तो म्हणतो, "यावर तू खुशाल गिफ्ट घे."

इतक्या ठिकाणी भेटणाऱ्या या शब्दात मूळ विषाचा थेंबही नाही. 'गेबेन' म्हणजे देणे या क्रियापदापासून तो झाला. जुन्या जर्मनमध्ये तो स्त्रीलिंगी होता आणि त्याचा अर्थ होता दिलेली वस्तू, देणगी; म्हणजे मावशीच्या मार्करमधून उतरतो तोच. मग केव्हातरी कोणीतरी कोणाला पेल्यातून काहीतरी 'दिले', आणि काय दिले हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती म्हणून नुसते 'दिलेले' असे म्हटले गेले. अशी उडवाउडवी आपल्याला नवी नाही. गाव उजाड करणाऱ्या रोगाला आपण 'देवी आल्या' म्हणत होतो. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, 'जनावर' म्हणायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढते. आणि घरातून निघणारा माणूस 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. ज्याची धास्ती जास्त त्याला नाव गोड. फरक इतकाच की आपल्याकडे देवी ती देवीच राहिली, रोग गेला तरी. जर्मनमध्ये मात्र भीतीने मूळ अर्थच खाऊन टाकला. काही शतके दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले, मग देणगीसाठी लोक 'गाबे' आणि 'गेशेंक' हे दुसरे शब्द वापरू लागले आणि 'गिफ्ट' विषाच्या बाटलीवर कायमचा जाऊन बसला. याच क्रियापदाचे आणखी एक रूप आहे, 'फेरगेबेन'. आजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ क्षमा करणे. मध्ययुगीन जर्मनमध्ये एखाद्याला 'फेरगेबेन' करणे म्हणजे त्याला विष घालणे, असाही अर्थ होता. जुनी हस्तलिखिते वाचणाऱ्यांना कुणी कुणाला माफ केले की मारले हे वाक्य पुढे सरकल्यावरच कळत असणार.

विषाला सरळ नाव न देण्याची खोड एकट्या जर्मनची नाही. फ्रेंच 'प्वाझों' आणि त्यावरून आलेले इंग्रजी 'पॉयझन' हे दोन्ही लॅटिनमधल्या 'पोतियो'वरून आले आहेत आणि त्याचा अर्थ आहे नुसते पेय, घोट. लॅटिनमधला विषासाठीचा नेहमीचा शब्द 'वेनेनुम'. तो व्हीनस देवीच्या नात्यातला. मुळात बहुधा वशीकरणाचा, प्रेम जागवणारा काढा. ग्रीकांच्या 'फार्माकोन'मध्ये औषध आणि विष इतके एकजीव आहेत की भाषांतर करणारे अजून भांडतात. थोडक्यात, कोणी त्याला पेय म्हटले, कोणी प्रेम म्हटले, कोणी औषध, कोणी भेट. रोखठोक शब्द लॅटिनमध्येही होता एक: 'वीरुस'. तो आपल्या 'विष'चा सख्खा भाऊ, दोघांचे मूळ एकच. पण तो शब्द पुढे कुठल्या कामाला लागला हे आपण सगळ्यांनी तोंडावर पट्टी बांधून पाहिले आहे.

जर्मनांना ही 'देण्या'ची कल्पना सुचली कशी, याचे उत्तर बहुतेक अभ्यासक वैद्यांच्या लॅटिनमध्ये शोधतात. वैद्य एका वेळी औषधाचे जितके माप देई त्याला ग्रीक आणि मग लॅटिन भाषेत 'दोसिस' म्हणत. दोसिस म्हणजे देणे. ग्रीक 'दिदोमि', मी देतो. संस्कृत 'ददामि', मी देतो. या जोडीत फरक शोधायला कान तिखट लागतात. म्हणजे आपल्याकडचे 'दान' आणि डॉक्टर लिहून देतात तो 'डोस' ही एकाच घरातली भावंडे, एक देवळात गेले आणि एक दवाखान्यात. 'दोसिस'चे शब्दशः जर्मन केले की 'गिफ्ट' होते. आता हे डोळ्यांपुढे ठेवून पॅरासेल्सस या वैद्याचे १५३८ मधले ते वाक्य वाचावे, जे विषशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेले असते. बाझेलच्या विद्यापीठात लॅटिन बाजूला सारून जर्मनमध्ये व्याख्याने देणारा हा तिरसट माणूस. त्याने लिहिले: सगळ्या गोष्टी गिफ्ट आहेत आणि गिफ्टशिवाय काहीही नाही, एखादी गोष्ट गिफ्ट नाही हे ठरवते ते फक्त तिचे दोसिस. आपण ते 'मात्रेवर विष ठरते' असे वाचतो आणि पुढे जातो. पण शब्द सोलून पाहिले तर दोन्ही बाजूंना देणेच उरते. सगळे काही दिलेलेच आहे; किती दिले यावर दिलेले काय आहे ते ठरते. पॅरासेल्ससच्या मनात हा खेळ होता की नव्हता, कोण जाणे. मला तो असावा असे वाटते, कारण मला तो हवा आहे.

देणगी हा जुना अर्थ आजच्या जर्मनमध्ये एका जागी मात्र अजून तग धरून आहे, आणि ती जागा पाहिल्यावर मला हसू येईना. 'मिटगिफ्ट'. मिट म्हणजे सोबत. सोबत दिलेले, म्हणजे सासरी जाताना मुलीबरोबर दिलेले: हुंडा. विष नपुंसकलिंगी झाले तरी मिटगिफ्टने जुने स्त्रीलिंग सोडले नाही. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाला तरी ही चिवटपणाची खूण चटकन दिसावी. आता हा शब्द जर्मनांना बहुधा ऐतिहासिक कादंबरीतच भेटतो आणि त्यातला 'गिफ्ट' त्यांना ऐकूसुद्धा येत नाही, जसा आपल्याला 'हुंडा'मध्ये काही ऐकू येत नाही. मला मात्र तो ऐकू आला, कारण मी ज्या घरांत वाढले तिथे हुंडा हा शब्द उच्चारला जात नसे. १९६१ चा कायदा सगळ्यांना ठाऊक होता, आणि मागणी न करता लग्नात दिलेल्या भेटी हुंडा ठरत नाहीत, त्यांची फक्त यादी ठेवायची, ही त्यातली फट तर पाठच होती. बैठकीत चहाचे कप खाली ठेवले जात, मुलाचे काका घसा साफ करत आणि म्हणत, "आम्हाला काही नको. तुम्ही तुमच्या मुलीला हौसेने काय द्यायचे ते द्या." त्या 'हौसेने' या शब्दावर जो किंचित जोर असे तो मी परकराच्या वयात दाराआडून ऐकला आहे. मुलीचे वडील मान हलवत. त्या मानेच्या हलण्यात किती तोळे आणि कुठल्या कंपनीचा फ्रिज हे सगळे मोजले जात असे. हौसेने दिलेले. सोबत दिलेले. गिफ्ट.

उत्तरेकडे सरकले की शब्द पुन्हा कूस बदलतो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या तिन्ही देशांत 'गिफ्ट'चे दोन अर्थ एकाच वेळी, एकाच शुद्धलेखनात राजरोस चालतात: एक विष आणि दुसरा विवाहित. विषबाधेच्या मदतीसाठी डेन्मार्कमध्ये गिफ्टलिनियेन नावाचा फोन आहे. त्यावर नवऱ्याची तक्रार करता येते का, हा तिथला शिळा विनोद. स्वीडनने जी राष्ट्रीय पर्यावरण उद्दिष्टे ठरवली त्यांतल्या एकाचे नाव आहे 'गिफ्टफ्री मिल्यो', विषमुक्त पर्यावरण, आणि त्याचा दुसरा अर्थ लावून हसला नाही असा शाळकरी मुलगा तिथे सापडायचा नाही. माझी एक मैत्रीण लग्नानंतर मालमोला राहायला गेली. तिने पहिल्या आठवड्यात एक सरकारी कागद भरला आणि रात्री फोनवर म्हणाली, "अगं, कालपर्यंत मी 'उगिफ्ट' होते, म्हणजे अविष. आज शिक्का मारून मला विषारी केलं." स्वीडिश लोक तोंडाने 'यिफ्ट' म्हणतात आणि अविवाहितासाठी त्यांच्या कागदावर 'ऊयिफ्ट' असते, पण विनोदाच्या भरात असली अचूकता कोण पाळतो.

विनोद संपल्यावर प्रश्न उरतो की लग्न झालेल्या माणसाला 'दिलेला' का म्हणावे. उत्तर मराठी माणसाला बसल्या जागी सापडते. "त्यांची थोरली साताऱ्याला दिली आहे आणि धाकटी नाशकात." असे वाक्य आपण किती सहज बोलतो. मुलगी देतात, मुलगा कुणी कुठे दिल्याचे ऐकिवात नाही, त्याने 'बायको केली' असे म्हणतात. जुन्या उत्तरी भाषेत हुबेहूब हीच वाटणी होती. 'गिफ्ट' होत असे ती मुलगी, कारण दिली जात असे ती. पुरुषासाठी वेगळे क्रियापद होते, आणि आइसलँडच्या भाषेत ते अजून जिवंत आहे: 'क्वाइनास्त', म्हणजे बायको मिळवणे, आपल्या 'बायको करणे'च्या अगदी जवळचे. स्वीडनच्या १७३४ च्या कायदेसंहितेतला विवाहाचा जो भाग आहे त्यात 'गिफ्टोमान' नावाचा माणूस आहे. आधी बाप, तो नसला तर जवळचे कोणी नातलग. मुलगी देण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो गिफ्टोमान. मुलीचे लग्न करायचे तर त्याची संमती लागे. कन्यादानाचा संकल्प सोडताना आपल्याकडे हातावर पाणी घेणाऱ्या माणसाला इतके नेमके पदनाम आपल्या भाषेनेही दिले नाही. आज मालमोतला नवरा आणि बायको दोघेही कागदावर सारखेच 'गिफ्ट' असतात. कोणी कोणाला दिले हे आता विचारले जात नाही. शब्दाने ते झाकून घेतले आहे. ही समता मला आवडते, आणि तिच्या पोटात तो जुना बाप हात पुढे करून उभा आहे हेही विसरता येत नाही.

माझे स्वतःचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले. तरी आईच्या मैत्रिणी इतकी वर्षे झाल्यावरसुद्धा तिला विचारतात, "हिला जर्मनीला दिलीत ना?"

मग इंग्रजीत हा शब्द इतका निर्मळ कसा राहिला, तर तो इंग्रजांचा मूळचा नाहीच. जुन्या इंग्रजीत त्यांचा स्वतःचा एक शब्द होता, उच्चार 'यिफ्ट'च्या जवळचा, आणि त्याचा अर्थ होता वधूसाठी मोजलेले मोल. अनेकवचनात सरळ लग्न. मग उत्तरेकडचे दर्यावर्दी व्हायकिंग आले, पूर्व इंग्लंडात राहून शेती करू लागले, आणि त्यांच्या तोंडचा कठोर 'ग' इंग्रजांच्या तोंडी बसला. आजचा 'गिफ्ट' हा असा उत्तरेकडून आलेला. पुढे गंमत अशी झाली की ज्यांनी तो 'ग' इंग्रजांना दिला त्यांच्याच स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाऊबंदांचा उच्चार काळाच्या ओघात मऊ पडून 'यिफ्ट' झाला. देणाऱ्याच्या भाऊबंदांकडे वस्तू उरली नाही आणि घेणाऱ्याकडे ती जशीच्या तशी आहे. डच लोकांनी याहून व्यवहारी तोडगा काढला. देणगीसाठी 'गिफ्ट' ठेवला, विषासाठी शेवटचा 'त' उडवून 'गिफ' केला, आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या फळ्यांवर ठेवल्या. डचांना हिशेबात घोळ चालत नाही.

या सगळ्या पसाऱ्याकडे नुसती शब्दांची मौज म्हणून न पाहणारा एक माणूस १९२४ मध्ये पॅरिसमध्ये होता. मार्सेल मोस. समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेमचा भाचा, सिल्व्हाँ लेव्हींकडे संस्कृत शिकलेला. त्याने एका जर्मन भाषेच्या प्राध्यापकांच्या गौरवग्रंथासाठी चारदोन पानांचे टिपण लिहिले, मथळा 'गिफ्ट, गिफ्ट'. एकच शब्द दोनदा, एकदा भेट म्हणून आणि एकदा विष म्हणून. जुन्या जर्मन टोळ्यांत देण्याची खास वस्तू म्हणजे पेय, सगळ्यांनी मिळून प्यायची बीअर, असे तो दाखवतो. ती यजमानाच्या हातून येते आणि सभेत नाकारता येत नाही. आणि नाकारता न येणाऱ्या पेल्यात काय असेल ते पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शब्दाला विषाचा अर्थ चिकटला तो याच भरल्या पेल्यापाशी, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी देणगीवरचा त्याचा प्रसिद्ध प्रबंध आला. जगात फुकट दिलेले असे काही नसते. द्यावे लागते, दिलेले घ्यावे लागते आणि घेतलेले फेडावे लागते, हा त्याचा गाभा. आणि त्यासाठी पुरावे शोधत हा माणूस पॉलिनेशियापासून थेट महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंत आला.

तिथे सप्तर्षींची गोष्ट आहे. दुष्काळ पडला आहे, इतका की ऋषी खाऊ नये ते शिजवायला बसले आहेत. शिबीच्या कुळातला राजा वृषादर्भी येतो आणि गाई, धान्य, गावे देऊ करतो. उपाशी ऋषी नको म्हणतात आणि कारण सांगतात: "राजन् प्रतिग्रहो राज्ञो मध्वास्वादो विषोपमः." राजाकडून घेतलेले दान चवीला मध आणि परिणामी विष. जर्मन भाषेने एका शब्दात कोंबलेले आपल्याकडे अर्ध्या श्लोकात पसरून ठेवले आहे. राजा ऐकत नाही. तो उंबराची फळे पोखरून आत सोने भरतो आणि सेवकांच्या हाती ती ऋषींपर्यंत पोचवतो. अत्री एक उंबर हातात घेतात. उंबर हातात घेतल्यावर जितके लागायला हवे त्याहून ते जड लागते. अत्री ते खाली ठेवतात आणि सगळे उठून चालू लागतात. मला या गोष्टीतली शिकवण नको असते, तो तळहात हवा असतो. भुकेने कासावीस माणसाच्या तळहातावर एक पिकलेले उंबर आहे, आणि तो तळहात भुकेच्या आधी वजन तोलतो. खालच्या मजल्यावरच्या आजींचा हात याच जातीचा असावा.

घेणाऱ्याच्या हातात काहीतरी नकोसेही येते, हे आपल्याकडे कोणी शिकवावे लागत नाही. लहानपणी ग्रहण लागले की गल्लीतून आरोळी येई, "दे दान सुटे गिराण!" माझी आजी सुपातले धान्य आणि एखादे जुने लुगडे बाहेर देई, आणि देताना घेणाऱ्याच्या हाताला हात लागू देत नसे. ग्रहण ज्या वाटेने जायचे ती वाट त्या सुपातून होती. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असे, आणि पोट असल्यामुळे तो घेत असे. ती आरोळी मला त्या वेळी गमतीची वाटे. आता ती आठवली की सुपाच्या पलीकडच्या माणसाचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न करते आणि तो येत नाही, कारण आम्ही कोणी तो पाहिलेलाच नव्हता.

मोसचा प्रबंध मला फ्रेंचमधून वाचता आला नाही, इंग्रजीतून वाचला, आणि वाचताना सतत आजीची आहेराची वही डोळ्यांपुढे येत राहिली. लाल कापडी पाठीची, आडवी, किराणा दुकानात उधारीला असते तशी. प्रत्येक कार्याला नवे पान, वर श्री, मग कार्य आणि तिथी. डावीकडे नाव आणि गाव, उजवीकडे आलेली वस्तू: रोख अकरा रुपये, खण, स्टीलचा डबा झाकणासह. 'झाकणासह' हे आवर्जून. तिसरा रकाना सुरुवातीला कोरा असे. त्यांच्याकडे पुढे कार्य निघाले आणि आपण काही नेले की तो भरायचा. त्याच तोलाचे न्यायचे, कमी नको आणि फार जास्तही नको, कारण जास्त नेले की समोरच्याच्या वहीत आपण त्यांच्यावर ओझे ठेवले असे होते. काही ओळींचा तिसरा रकाना कधीच भरला गेला नाही. ती माणसे किंवा तो संबंध आधी संपला. आजी त्या ओळींवर बोट ठेवून थोडी थांबत असे. पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापायची पद्धत आली तेव्हा तिला ती मुळीच रुचली नाही. माणसे येतील, जेवतील आणि मोकळी होतील, मग उद्या आपल्याला त्यांच्याकडे जायला कारण काय उरेल, असे तिचे म्हणणे. मी तेव्हा वाद घातला होता. तिची बाजू मला आता जास्त पटते आणि तरीही मी माझ्या पत्रिकेवर तेच वाक्य छापले होते. मला वही नको होती.

वही गेली, पण तिसरा रकाना गेला नाही. तो फक्त त्याच दिवशी, दारातच भरला जाऊ लागला. पुण्यात भाच्याच्या वाढदिवसाला केक कापून होतो न होतो तोच मुले विचारू लागतात, "रिटर्न गिफ्ट काय आहे?" परतीचे दान, नाव घेऊन, निर्लज्जपणे. मोसला हा शब्द मिळाला असता तर त्याने अर्धा प्रबंध वाचवला असता. म्युनिकमधल्या मराठी घरांत वाढदिवस असला की आम्ही मोठी माणसे हा शब्द जरा जपून वापरतो, कारण येणाऱ्यांत जर्मन मुलेही असतात आणि त्यांतली नुकतीच वाचू लागलेली पोरे पुड्यावरचे अक्षर लावून घरी काय सांगतील याचा भरवसा नाही. त्यांच्यातही हीच प्रथा आहे. निघताना प्रत्येक पाहुण्या मुलाच्या हाती कागदी पिशवी द्यायची. आत गोंदाची अस्वले, खोडरबर, चिकटवायची चित्रे, एखादा साबणाच्या फुग्यांचा पाइप. त्या पिशवीतल्या ऐवजाला ते म्हणतात 'मिटगेप्सेल'. मिट आणि गेबेन, सोबत आणि देणे. मिटगिफ्टचेच धाकटे भावंड, फक्त त्यातून गिफ्ट तेवढे काढून टाकलेले. जर्मन आया या पिशव्यांना मनापासून कंटाळल्या आहेत. कमी भरली तर बरे दिसत नाही, जास्त भरली तर पुढच्या वाढदिवसाच्या आईची पंचाईत होते, आणि शाळेच्या फाटकाशी यावर दबक्या आवाजात चर्चा चालते. मुलांना त्याचे काही नसते. ती बूट चढवायच्या आधी, एका पायावर उभी राहून, कोणाच्या पिशवीत किती अस्वले आहेत ते मोजून घेतात.